कांद्याच्या माळेची गाठ

नागाव, १२ फेब्रुवारी २०२५

ताई,

नमस्कार लिहीत नाही, कारण रविवारी थळला तुझ्या घरी आले होते तेव्हा तू दार उघडलं नाहीस. आत होतीस. चपला बाहेर होत्या आणि मिक्सर चालू होता, तो माझ्या हाकेसरशी बंद झाला. फोन तू उचलत नाहीस. साक्षी म्हणते, "आई, मावशीने तुला ब्लॉक केलंय." माझी मुलगी तुझ्याशी रोज बोलते आणि माझी सख्खी बहीण बरी आहे हे मला तिच्याकडून कळतं. म्हणून पोस्टातून पाकिटं आणली. वाचायचं की चुलीत घालायचं ते तू ठरव.

आधी ह्यांची खबर देते, तुला तीच हवी असेल. उजवं पाऊल अर्धं गेलं, टाच तेवढी राहिली. घरी आणून पाच दिवस झाले. आज सकाळी साखर एकशे चाळीस होती. ओटीवर खुर्ची टाकून बसतात, रस्त्याने जाणारा प्रत्येक जण विचारतो, "काय हिरामणशेठ, कसं हाय?" आणि हे म्हणतात, "हाय, बरा हाय." सरकारी दवाखान्यातली एक बाई येऊन पट्टी करून जाते. ती ताईसारखी करत नाही, असं ह्यांनी मला दोनदा सांगितलं. मी ऐकून घेतलं.

तुमच्या वॉर्डात लादी पुसणारी काशी काल स्टॉलवर आली होती. ती म्हणाली, दहा मार्चला चौकशी आहे, तोवर सुचिता सिस्टरनी घरी बसायचं, आणि ठपका ठेवला तर नोकरी गेली. कागदावर असं आहे म्हणे, की दोन बोटं काढल्यावर जखम नऊ दिवस चांगली भरत होती, मग वॉर्डातच जंतू शिरले, म्हणजे पट्टी करणाऱ्याच्या हातून शिरले. पट्टी करणारी तू. वॉर्डाची इन्चार्ज तू. आणि सगळ्या हॉस्पिटलला हात धुवायला लावणारी, त्यासाठी मोठ्या डॉक्टरांनाही दारात अडवणारी सिस्टर, तीही तूच. लोकांना तोंडी लावायला बरं सापडलंय. सिस्टरचं सोवळं सिस्टरलाच भोवलं, असं कालच एकजण माझ्याकडे वडापाव खाताखाता बोलला.

मी काही म्हणत नाही. माणसाच्या हातून चूक होते. तुझी बावीस वर्षांची नोकरी जाऊ नये असंच मला वाटतं. हे वाक्य मी एकदा खोडलं होतं, मग परत लिहिलं.

दिपाली

•

नागाव, १६ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. येणार नव्हतंच. तरी पोस्टमनला दोनदा विचारलं, तो आता मला बघून लांबूनच मान हलवतो.

एक गोष्ट तुला सांगायची एकवीस वर्षं राहिली आहे. समोर असतीस तर तू तोंड फिरवलं असतंस, कागद तसं करत नाही.

हे बघायला आले होते ते तुला. मार्च महिना होता, पडवीत पांढऱ्या कांद्याचा ढीग पडला होता आणि आई, तू, मी तिघी माळा विणत बसलो होतो. पाहुणे आले म्हणून तू उठून साडी नेसायला गेलीस. बाहेर आलीस ती पोह्यांची ताटली घेऊन नाही, प्रश्न घेऊन. "मला रात्रपाळी असते. लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. चालेल?" सासूबाईंनी नाक मुरडलं. निघताना त्यांची नजर माझ्याकडे गेली. मी माळेची शेवटची गाठ मारत होते. त्या आईला म्हणाल्या, "मंग ही धाकटी तरी द्या."

ताई, त्या 'तरी'वर माझा सगळा संसार उभा आहे. तुला कुणी कधी 'तरी' म्हटलं नाही, म्हणून तुला ते टोचणार नाही. मी भाकरी थापताना, तेल तापवताना, साक्षीच्या वेळी कळा येत होत्या तेव्हासुद्धा मला ते टोचलेलं आहे. हे कधी तसं वागले नाहीत. पण घरात तुझं नाव निघालं की ह्यांचा आवाज जरा सुधारतो. "ताई म्हणत होती" असं म्हणताना हे पाठ सरळ करतात. मी एकवीस वर्षं तेवढंच बघत आले.

मग मी काय केलं? ह्यांचं पोट हातात घेतलं. तू शिकलेली, मी रांधणारी. स्टॉल टाकला तेव्हा वडापाव आणि भजी होती, मग पुण्यामुंबईचे लोक मागतात म्हणून मंचुरियन, शेजवान, मॅगी. जे उरायचं ते ह्यांच्या ताटात. टाकायचं कशाला, आणि हे इतक्या आवडीने खायचे. सोबत थंड्याची मोठी बाटली. सकाळची न्याहारी कालच्या वड्यांची, चार वाजता मंचुरियन, संध्याकाळी कढईच्या तळाशी राहिलेला चुरा पावात घालून. जेवण वेगळंच. मला वाटायचं, ह्या माणसाला आता माझ्याशिवाय दुसरी चव लागायची नाही. पोट सुटलं तेव्हा मी गावात सांगत फिरले की बघा, खातं-पितं घर आहे.

चार वर्षांपूर्वी तू स्टॉलवर आलीस आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणालीस, "दिपा, हे तेल फेकून दे, काळं झालंय. दिवसभर हेच खातो का हा? हिरामणची साखर कधी तपासलीस?" तू बरोबर होतीस. तेल तिसऱ्या दिवसाचं होतं. मी झारा आपटून म्हटलं, "तुला खाऊ घालायला कुणी नाही म्हणून तुझ्या पोटात दुखतं." तू पर्स उचललीस आणि गेलीस. त्यानंतर तू नागावला आली नाहीस, आणि मी साखर तपासली नाही. तुझं ऐकलं असं झालं असतं ना.

पोटात कुणाच्या दुखत होतं ते तुला तेव्हाच कळलं असेल.

दिपाली

•

नागाव, २१ फेब्रुवारी

ताई,

काल साक्षीने सांगितलं, मावशीने पत्रं वाचली. बरं झालं. आता पुढचं लिहायलाच हवं.

डिसेंबरच्या शेवटी हे ओहोटीला खडकात गेले असताना ह्यांच्या पायाला कालवाच्या शिंपल्याची धार लागली. बोटाला जरासं कापलं, ह्यांना दुखलंही नाही. साखरेने पायाची जाणीव गेलेली असते हे तू नंतर सांगितलंस. तेव्हा मला वाटलं, केवढा सोसणारा नवरा आहे माझा. पंधरा दिवसांत बोट काळं पडलं, वास यायला लागला, आणि चार वर्षांनी मी तुला फोन केला. तू एका शब्दाने मागचं काढलं नाहीस. "रिक्षा नको, गाडी कर आणि लगेच आण," एवढंच म्हणालीस. तेव्हाच मी मनातून हरले होते.

साखर चारशे बारा निघाली. तू ह्यांच्या खाटेशी उभी राहून म्हणालीस, "हिरामण, वडा, मंचुरियन, थंडा आजपासून बंद." हे म्हणाले, "बंद." संपलं. तंबाखू सोडा म्हणून मी तीन वर्षं डोकं फोडलं होतं. तुला एक वाक्य लागलं.

आणि ती पट्टी. तू रोज सकाळी स्टुलावर बसायचीस, मांडीवर हिरवं कापड पसरायचीस आणि त्यावर ह्यांचा पाय घ्यायचीस. त्याआधी बेसिनपाशी हात धुवायचीस, बोटांच्या मधे, नखांशी, मनगटापर्यंत. मी एकदा मोजलं, चाळीस आकडे झाले. मला तो देखावा वाटायचा. मग हातमोजे, मग पडदा. "नातेवाइकांनी बाहेर थांबायचं." ताई, नातेवाईक म्हणजे मी. माझ्या नवऱ्याच्या पायाशी तू, आणि मी पडद्याबाहेर डबा धरून. आतून तुम्हा दोघांचं बोलणं ऐकू यायचं. हे तुला लहानपणी मिठागरात पाय चिरायचे ते सांगायचे. ते मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं हेही खरं.

सव्वीस जानेवारी. सकाळी झेंडावंदन झालं, दुपारनंतर तू सुट्टीवर होतीस, बारा दिवसांत पहिल्यांदा. किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, गिऱ्हाईक उभं होतं, तरी मी स्टॉल शेजारणीवर सोपवला आणि अलिबागला तुमच्या हॉस्पिटलात आले. मंचुरियनचं पार्सल घेऊन आले. ह्यांनी मागितलं नव्हतं. हे नको म्हणतात का ते मला बघायचं होतं.

हे म्हणाले, "न्हाय गो, ताई वरडल."

मी म्हटलं, "पट्टी सैल झालीय, मी बदलते."

"ताई उद्या करल."

"बायको मी हाय का ताई?"

ह्यांनी पाय पुढे केला. मी पडदा ओढला.

बेसिन सहा पावलांवर होतं. वर तुझ्या अक्षरात 'हात धुवा' अशी पाटी होती. मी कमरेच्या फडक्याला हात पुसले. आमच्या धंद्यात पुसले म्हणजे धुतले, दिवसातून शंभरदा तेच करतो. त्या फडक्याला सकाळपासून पीठ, कच्च्या चिकनचं पाणी, पैसे, सगळं लागलेलं होतं. मला ते घाण वाटलंच नाही, माझा हात म्हणजे कामाचा हात. तुझी चिकटपट्टी ओढून काढली. कापूस जखमेला चिकटला होता, तो प्यायच्या बाटलीतलं पाणी टाकून सोडवला. पर्समध्ये खोबरेल आणि हळदीची बाटली होती, आई लावायची तशी, ते बोटाने लावलं. बाटली घरून घेऊन निघाले होते, म्हणजे ठरवून गेले होते. हे मला आत्ता लिहिताना कळतंय. मग तीच पट्टी परत गुंडाळली, टोक फाडून दोन केली आणि गाठ मारली. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मला इतकं बरं वाटत होतं की परत येताना मी रिक्षात गाणं म्हटलं.

अठ्ठावीसला ताप आला. एकोणतीसला पू. एकतीसला पाऊल गेलं.

मी केलं, ताई. तुझ्या हातून काही झालं नाही.

दिपाली

•

नागाव, २७ फेब्रुवारी

ताई,

एवढं लिहून पाठवलं, मग मला वाटलं आता तू धावत येशील, शिव्या घालशील, कागद घेऊन थेट हॉस्पिटलात जाशील. सहा दिवस झाले. काल शिवरात्र होती, मी उपासाचे बटाटेवडेसुद्धा तळले नाहीत, दिवसभर वाटेकडे बघत बसले. आज काशी आली आणि मला सगळं कळलं.

मी तिला सहज विचारलं, सत्तावीस जानेवारीला सकाळी पट्टी सोडताना तू होतीस का तिथे. ती म्हणाली, "व्हती ना, बादली घेऊन हुबी व्हती. सिस्टरनी गाठ बघितली आन् थांबल्या. कात्री हातात व्हती, तरी कात्री लावली न्हाय. एक टोक धरून वढलं आन् गाठ सुटली. आतमदी समदं हळदीनं पिवळं. सिस्टरनी तोंडातनं शबूद काढला न्हाय. धुतलं, पुसलं, नवी पट्टी केली, आन् जुनी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकून पिशवी माज्या हातात दिली. म्हनल्या, काशी, ही आत्ताच खाली ने."

मी विचारलं, "तू कुणाला बोलली नाहीस?"

"मला कुनी इचारलं न्हाय."

आईची गाठ. कांद्याची माळ विणून झाली की वरच्या टोकाला ती मारायची ती. ओढून ओढून माळ फाटेल पण गाठ सुटायची नाही, आणि डावं टोक धरलं तर एका झटक्यात मोकळी. ती गाठ आता जगात दोघीच मारतात. माझ्या हातांना दुसरी येतच नाही, स्टॉलवरची पार्सलंही मी तीच मारून देते आणि गिऱ्हाइकं दातांनी दोरा तोडतात.

म्हणजे तुला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. मी थळला दार वाजवत होते तेव्हा माहीत होतं. मी पहिल्या पत्रात "माणसाच्या हातून चूक होते" असं शहाणपण लिहिलं, ते वाचतानाही माहीत होतं. तू वाचून हसली असशील.

ताई, मला राग येतोय आणि तो मी लपवत नाही. चूक माझी, तीसुद्धा तू घेतलीस. नवरा तुला बघायला आलेला. मुलगी तुझ्यासारखी नर्स व्हायचं म्हणते, मला स्टॉलवर मदत करताना नाकाला रुमाल लावते. हे एक पाप तरी माझं स्वतःचं होतं, ते पदरात घेऊन तू घरी बसलीस. उद्या सगळ्यांना कळेल तेव्हा काय म्हणतील? सुचिताने बहिणीसाठी नोकरीवर पाणी सोडलं. आणि मी कोण? जिच्यासाठी सोडलं ती. परत 'तरी'च.

मला तुझे उपकार नकोत. दहा तारखेला मी येणार.

दिपाली

•

नागाव, ५ मार्च

ताई,

साक्षीकडून निरोप मिळाला. तिने तुझ्याच आवाजात सांगितला, "दहाला यायचं नाही. पायाकडे लक्ष दे. हात धू." महिन्याभराने बहिणीने तीन वाक्यं पाठवली, त्यात एक हात धुवायचं. मी हसले, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले, मग हात धुतले.

पण एक गोष्ट तुलाही माहीत नाही, ती लिहिते. ही वाचलीस की माझा उरलासुरला मानही जाईल, तर जाऊ दे.

एक फेब्रुवारीला, पाऊल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी, मोठे डॉक्टर आणि ऑफिसातले एक साहेब ह्यांच्या खाटेपाशी आले. तू पायथ्याशी उभी होतीस, मी उशाशी. साहेबांनी विचारलं, "सिस्टरशिवाय पट्टीला कुणी हात लावला होता का? घरचं कुणी?" हे पूर्ण शुद्धीत होते. माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "न्हाय. ताईच करायची."

तुला वाटलं असेल, मी तेव्हा जमिनीत गेले. खरं सांगू? मला आनंद झाला. ह्यांचं पाऊल गेलेलं, तुझा चेहरा पांढराफटक पडलेला, आणि मला पोटातून आनंद झाला. कारण तू एका बाजूला होतीस, मी एका बाजूला होते, आणि ह्यांनी मला निवडलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी 'तरी' न लावता मला निवडलं. त्या आनंदावर मी एक महिना काढला. तुझ्यावर संशय घेणाऱ्या लोकांना मी अडवलं नाही, ते ह्याच्यामुळे. तू जितकी खाली जात होतीस तितकी मला माझी निवड पक्की झाल्यासारखी वाटत होती.

काल दुपारी भाकरी वाढताना मी ह्यांना विचारलं, "तेव्हा खोटं का बोललात?"

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "ताईची नोकरी गेली तरी ताई ऱ्हाईल. तिच्यात तेवढा जोर हाय. तुला लोकांनी म्हनलं असतं, हिनं नवऱ्याचा पाय खाल्ला, तर तू ऱ्हायली नसतीस."

 हे पुढे म्हणाले, "पन बरोबर न्हाय झालं. ताई रोज पाय मांडीवर घ्यायची. मी तिच्या तोंडावर खोटं बोललो. आता ती बाई पट्टी कराया येते ना, मला तिच्याकडं बघवत न्हाय."

म्हणजे निवडलं ते मी दुबळी म्हणून. तू भक्कम आहेस म्हणून तुला सोडून दिलं. मला वाटलं होतं मी जिंकले, आणि जिंकण्यासारखं तिथे काही नव्हतंच. रात्रभर उलटसुलट विचार करून मी एवढ्यावर आले की ह्यांनी माझ्यासाठी जे केलं ते मायेने केलं, आणि ती माया मला ठेवून घ्यायची असेल तर खरं बोलण्याइतकी मी भक्कम आहे हे ह्यांना दिसायला हवं.

स्टॉल बंद ठेवलाय. कढई घासली, तेल ओतून टाकलं. आमच्याही जेवणात आता तळण नाही. ह्यांच्याबरोबर मीही साखर तपासली, माझीही वर आलीय. तुला सांगणार नव्हते.

येऊ नको म्हणालीस तरी दहाला येते आहे. हे पण येणार आहेत, गाडी सांगितली.

दिपाली

•

नागाव, १२ मार्च

ताई,

परवा गेटमधून तू आमच्या गाडीशेजारून गेलीस आणि थांबली नाहीस. ह्यांनी हाक मारली होती. तू ऐकली असावीस, कारण तुझी चाल वाढली.

मी चौकशीच्या खोलीत जे बोलले ते तू ऐकलंच आहेस. टेबलापाशी पाच माणसं, मला वाटलं होतं शब्द फुटणार नाहीत, पण फुटले. फडक्यापासून बाटलीपर्यंत सगळं सांगितलं. ह्यांनीही सांगितलं, "साहेब, मी खोटं बोललो." मी सही केली. मी तुझ्याकडे बघत होते, की आता तुझा चेहरा मोकळा होईल. मी स्वतःला मोठी समजत होते त्या वेळी, लपवत नाही. बहिणीला वाचवायला आलेली.

मग मोठ्या डॉक्टरांनी तुला विचारलं, "सिस्टर, सत्तावीसला पट्टी सोडली तेव्हा तुम्हाला हे दिसलं होतं?"

तू म्हणालीस, "हो."

"त्याच वेळी मला का कळवलं नाही?"

 पंख्याचा आवाज येत होता. मी मनात म्हणत होते, सांग, बहिणीला वाचवायचं होतं म्हणून सांग, सगळे मान डोलावतील. आणि तू म्हणालीस, "मला वाटलं, मी धुऊन काढेन. माझ्या हाताने ते बरं होईल. दुसऱ्या कुणाची गरज पडणार नाही."

डॉक्टर तुझ्यावर ओरडले नाहीत. हळू बोलले, तेच वाईट होतं. म्हणाले, त्याच सकाळी कळलं असतं तर जखम लगेच उघडून साफ करता आली असती, औषध बदलता आलं असतं, दोन दिवस हातात होते. पाऊल वाचलंच असतं असं नाही, पण वाचलं असतं कदाचित. आणि जंतू कुठून आला ते माहीत नसल्यामुळे सगळा वॉर्ड रिकामा करून धुवावा लागला, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या मोरूचं ऑपरेशन पंधरा दिवस लांबलं. ह्या हॉस्पिटलात हात धुण्याची सवय तुम्ही लावलीत सिस्टर, म्हणाले, आणि तुम्हीच लपवलंत.

तू मान खाली घातलीस. तुझी मान खाली गेलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. आई गेली तेव्हाही नाही.

काशीने आज निकाल सांगितला. नोकरी राहिली. वॉर्ड गेला. एक वर्ष तळमजल्यावर जुन्या केसपेपरच्या खोलीत. पेशंटला हात लावायचा नाही.

ह्यांना सांगितलं. हे पायाकडे बघत बसले. मी विचारलं, "ताईचा राग आला?" म्हणाले, "न्हाय. तुझा पन न्हाय. पाय माझा, खाल्लं मी." मग म्हणाले, "ताईला त्या खोलीत करमायचं न्हाय."

ताई, तू ते लपवलंस ते माझ्यावरच्या मायेने, असं सगळे म्हणतील, आणि थोडं तसं असेलही. पण तू चौकशीत जे बोललीस ते मी ओळखलं. माझ्या हाताने बरं होईल, दुसऱ्या कुणाची गरज नाही. मी पडदा ओढला तेव्हा माझ्या मनात हेच्या हेच शब्द होते. आपण दोघींनी एकाच पायावर आपापला हक्क सांगितला आणि तो पाय अर्धा गेला.

मी आयुष्यभर तुझ्यावर जळले, कारण तुझं कधी काही चुकायचं नाही. तुझं चुकलेलं एकदा डोळ्यांनी बघायला मिळावं म्हणून मी काय काय नवस केले असतील. परवा मिळालं. मला वाटलं होतं, छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. तुला माझ्या पायरीवर आणून बसवलं आणि माझ्या पायरीवर मला तू नको आहेस, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

म्हणून आज मोठ्या डॉक्टरांना एक अर्ज लिहिलाय, ह्यांनी आणि मी दोघांनी सह्या केल्यात. आमची सुचिता सिस्टरविरुद्ध कसलीही तक्रार नाही, त्यांना वॉर्डात परत घ्यावं. ते ऐकणार नाहीत, मला ठाऊक आहे. तरी दर महिन्याला लिहीन.

तू परत वॉर्डात जा. मोठ्या डॉक्टरांना दारात अडव. माझ्या मुलीला तुझ्यासारखी कर. मी इथे बसून जळत राहीन, मला त्याची सवय आहे. त्या खोलीत तू केसपेपर लावत बसलेली मला सोसत नाही.

दिपा